पोटावरची चरबी आणि बाईचे हार्मोन: टेपपासून रिपोर्टपर्यंत

वजनकाट्याच्या आधी शिंप्याची टेप लागते. सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी, पायांत थोडं अंतर ठेवून आरशासमोर उभं राहायचं. बरगडीचं सगळ्यात खालचं टोक बोटांनी चाचपून तिथे पेनाची खूण करा. कमरेच्या हाडाचा वरचा काठ सापडला की तिथे दुसरी. टेप या दोन खुणांच्या बरोबर मध्यावरून, जमिनीला समांतर, पाठीमागे न लोंबता गेली पाहिजे. नेहमीसारखा श्वास सोडून झाला की आकडा वाचा. दोनदा मोजा. दोन आकड्यांत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

बहुतेकींची चूक इथेच होते. परकराची किंवा सलवारची नाडी रोज जिथे बसते तो वळ म्हणजेच कंबर, असं धरून टेप तिथे लावली जाते. पोट सुटलं की नाडी घसरून पोटाच्या खाली गेलेली असते, म्हणून तिथला आकडा कमी येतो आणि उगाच समाधान मिळतं.

भारतीय बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी. दुसरा हिशेब उंचीचा: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी. १५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईला म्हणजे साडेसत्याहत्तर. बीएमआयची (उंचीच्या मानाने वजन किती, त्याचा आकडा) रेघही आपल्याकडे वेगळी आहे: २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा. परदेशी कॅल्क्युलेटर २४.५ ला ‘नॉर्मल’ म्हणेल, त्याचं ऐकू नका. तेवढ्याच बीएमआयला आपल्या पोटात चरबी जास्त असते.

माळ्यावरची चरबी आणि ओट्याखालची

मुंबईच्या घरात जी वस्तू माळ्यावर गेली ती वर्षानुवर्षं खाली येत नाही. ओट्याखालच्या डब्यांत मात्र दिवसातून दहा वेळा हात जातो. बाईच्या शरीरात मांड्या आणि नितंबांवरची चरबी माळ्यावरची, आतड्यांभोवतीची ओट्याखालची. कुठली चरबी कुठे ठेवायची हे बऱ्याच अंशी हार्मोन ठरवतात.

चरबीपेशीतून चरबी सुटायला ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिनचा निरोप लागतो. तो घेणारे रिसेप्टर दोन जातींचे: बीटा जातीचे दार उघडतात, अल्फा-२ जातीचे दार लावून घेतात. इस्ट्रोजेन, म्हणजे बाईचं मुख्य हार्मोन, त्वचेखालच्या चरबीत अल्फा-२ वाढवतं. म्हणून पाळी चालू असलेल्या बाईच्या मांड्या सगळ्यात शेवटी उतरतात. व्यायाम कमी पडतोय असा त्याचा अर्थ लावू नये. गरोदरपण आणि अंगावर पाजणं यांच्यासाठी ठेवलेला तो साठा आहे. शिवाय तो फारसा त्रास देत नाही. जेवणानंतर रक्तात आलेलं जास्तीचं फॅट ही चरबी मुकाट्याने सामावून घेते.

पोटातल्या चरबीचं तसं नाही. तिथून सुटलेली फॅटी ॲसिड्स पोर्टल शिरेतून थेट यकृतात उतरतात. यकृतात चरबी साचते, ट्रायग्लिसराइड (रक्तातलं फॅट) वाढतात आणि इन्सुलिनचा जोर कमी पडायला लागला की स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं. वाढलेलं इन्सुलिन दोन ठिकाणी गडबड करतं. अंडाशयाला ते टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, जास्त बनवायला लावतं. आणि यकृत एसएचबीजी नावाचं जे प्रथिन बनवतं, ते चरबी साचलेल्या यकृतात कमी बनायला लागतं. एसएचबीजीचं काम टेस्टोस्टेरॉनला रक्तात धरून ठेवायचं. ते घटलं की मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं, मग भले एकूण आकडा रिपोर्टात नॉर्मल असो.

पुरुषात टेस्टोस्टेरॉन पोट कमी ठेवायला मदत करतं. बाईत ते वाढलं की गणित उलटं फिरतं: त्वचेखालच्या पेशी ॲड्रेनलिनच्या निरोपाला दाद देईनाशा होतात, चरबी पोटाकडे सरकते, हनुवटीवर राठ केस येतात, पाळी लांबते. त्यातून चरबीपेशी स्वतःही हार्मोन बनवतात. त्यांच्यातलं ॲरोमटेज हे एन्झाइम पुरुषी हार्मोनचं इस्ट्रोन करतं, म्हणजे दुय्यम दर्जाचं इस्ट्रोजेन. दुसरं एक एन्झाइम इन्सुलिन वाढलं की तिथेच टेस्टोस्टेरॉन तयार करतं. हार्मोन बिघडले म्हणून वजन वाढलं की वजन वाढलं म्हणून हार्मोन बिघडले, या वादात म्हणूनच वेळ घालवू नये. चक्र आहे, आणि त्यात आपल्या हाताला लागणारी जागा एकच: इन्सुलिन आणि यकृत. खालचं सगळं त्या एका जागेसाठी आहे.

आधी तीन महिन्यांची वही

लॅबमध्ये धावायच्या आधी तीन महिने नोंद ठेवा. पाळी आली ती तारीख, किती दिवस अंगावर गेलं, आणि महिन्यातून एकदा कंबर व वजन. वजन पाळीच्या पाचव्या ते सातव्या दिवसातच करायचं. पाळीच्या आधीच्या आठवड्यात अंगात पाणी धरतं, भूक वाढते आणि काटा एक-दीड किलो सहज वर जातो. ती चरबी नव्हे. त्या दिवशीचं वजन बघून डाएट सोडून देणाऱ्या बायका कमी नाहीत.

दोन पाळ्यांत २१ ते ३५ दिवसांचं अंतर ठीक. ३५ च्या वर जात असेल किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या येत असतील तर तपासणी हवी. तीन-तीन महिने पाळी येत नसेल तर वजनाचा प्रश्न मागे ठेवून आधी डॉक्टरकडे जा, कारण अंडं सुटत नसताना प्रोजेस्टेरॉन (अस्तराला आवर घालणारं हार्मोन) बनत नाही आणि गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं.

मानही बघा. मानेच्या मागे, काखेत काळपट, मखमलीसारखी जाड कातडी आली असेल तर ती मळाची नाही. बेसन-लिंबू लावून, घासणीने घासून ती जात नाही, उलट जास्त काळी पडते. इन्सुलिन वाढल्याची ही सगळ्यात स्वस्त चाचणी म्हणायला हरकत नाही.

तपासण्या: काय, कधी आणि उपाशी की नाही

‘हार्मोन पॅकेज’ नावाखाली वीस-पंचवीस चाचण्या गळ्यात मारल्या जातात. मोजक्याच लागतात. टोटल टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी, थायरॉइडसाठी टीएसएच, प्रोलॅक्टिन, १७-ओएच प्रोजेस्टेरॉन. त्यासोबत लिपिड प्रोफाइल, यकृताचा एसजीपीटी आणि ग्लुकोज पिऊन केलेली साखर. चाळिशीच्या आसपास पाळी चुकत असेल तर एफएसएच. उपाशीपोटीचं इन्सुलिन बहुतेक वेळा लागत नाही. त्याचे आकडे लॅबगणिक बदलतात आणि त्यावरून उपचार फारसे बदलत नाहीत.

रक्त पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात, सकाळी १० च्या आत द्यायचं. पाळी महिनोन्‌महिने येतच नसेल तर कुठल्याही दिवशी चालतं. अंडं सुटतंय का हे बघायचं प्रोजेस्टेरॉन मात्र पुढची पाळी अपेक्षित असेल त्याच्या सात दिवस आधी. २८ दिवसांच्या पाळीत ‘एकविसावा दिवस’ म्हणतात तो हाच. ३५ दिवसांची पाळी असणारीने एकविसाव्या दिवशी रक्त दिलं तर रिपोर्ट हमखास कमी येतो आणि नसती धास्ती बसते.

रिपोर्ट फसायची कारणं ठरलेली आहेत.

केसांच्या गोळ्या आणि गमी. पीसीओएसमध्ये (पाळी अनियमित आणि पुरुषी हार्मोन जास्त, असा अंडाशयाचा विकार) डोक्यावरचे केस गळतात म्हणून अनेक जणी बायोटिन घेतात. त्याचा मोठा डोस लॅबच्या काही यंत्रांना चकवतो: टेस्टोस्टेरॉन खोटंच जास्त दिसतं, टीएसएच खोटंच कमी. किमान दोन-तीन दिवस आधी बंद करा आणि लॅबवाल्याला सांगा.

गर्भनिरोधक गोळ्या. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या एसएचबीजी कित्येक पटींनी वाढवतात. त्या चालू असताना टेस्टोस्टेरॉन तपासणं म्हणजे पैसे पाण्यात. तीन महिन्यांचा खंड हवा, त्या काळात दुसरं साधन वापरून.

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. गौरी-गणपतीत, लग्नघरात, घरच्या पूजेला मेडिकलमधून नॉरएथिस्टेरॉन आणून घेतलं जातं, दिवसातून तीनदा. हे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करतं, पण त्याला थोडा पुरुषी गुणही आहे, अंगात पाणी धरतं, आणि त्याचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. लठ्ठपणा असलेल्या बाईला रक्ताची गुठळी होण्याचा धोका मुळातच जास्त, म्हणून मैत्रिणीच्या पर्समधली पट्टी घेऊ नये. पोटरी दुखून सुजली किंवा अचानक दम लागला तर थेट इस्पितळ गाठावं. भाद्रपदात या गोळ्या घेतल्या असतील तर हार्मोनच्या तपासण्या दिवाळीनंतर करा.

ग्लुकोजची चाचणी. ८ ते १० तास उपाशी राहून पहिलं रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाव लिटरभर पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत संपवायचं, बरोबर दोन तासांनी दुसरं रक्त. मधल्या वेळात बसून राहायचं. खाली जाऊन भाजी आणली, दोन जिने चढले की साखर कमी दिसते. आधीचे तीन दिवस पोळी-भात नेहमीसारखा खा. कीटो किंवा भात बंद असं काही चालू असेल तर शरीर ग्लुकोज वापरायला सुस्तावतं आणि निरोगी बाईचीही साखर जास्त येते. दोन तासांनंतरची साखर १४० च्या आत ठीक, १४० ते १९९ काठावर, २०० आणि वर मधुमेह. नुसत्या एचबीए१सीवर (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) विसंबू नका. पाळीत जास्त रक्त जाऊन लोह कमी झालेल्या बाईचं एचबीए१सी खोटंच वाढलेलं दिसू शकतं.

डॉक्टरकडे जायच्या आधीच्या दोन आठवड्यांत थ्रेडिंग-वॅक्सिंग करू नका. लाज वाटते खरी, पण साफ केलेल्या हनुवटीवरून केस किती आणि कुठे उगवतात हे कुणालाच सांगता येत नाही. तपासणीसाठी खासगी दवाखान्यातच गेलं पाहिजे असं नाही. परळच्या केईएममध्ये एंडोक्रायनॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे, आणि बाईच्या प्रजनन-आरोग्यावर काम करणारी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) संस्था एनआयआरआरसीएच परळमध्येच आहे. जुने रिपोर्ट आणि ती तीन महिन्यांची वही सोबत असली की पहिल्याच भेटीत काम पुढे सरकतं.

रिपोर्ट वाचायचा कसा

टेस्टोस्टेरॉनचा आकडा एकटा वाचू नका. तो नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असेल तर ०.०३४७ ने गुणा, नॅनोमोलमध्ये येईल. त्याला १०० ने गुणून एसएचबीजीने भागा. हा फ्री अँड्रोजन इंडेक्स.

समजा टेस्टोस्टेरॉन ४५ आहे, म्हणजे १.५६ नॅनोमोल. एसएचबीजी ६० असेल तर इंडेक्स २.६. तेच टेस्टोस्टेरॉन, पण एसएचबीजी २०, तर इंडेक्स ७.८. साधारण ५ च्या वर गेला की मोकळं टेस्टोस्टेरॉन जास्त आहे असं समजतात. रिपोर्टात दोन्ही बायकांच्या टेस्टोस्टेरॉनसमोर ‘नॉर्मल’ असंच छापून येईल. दुसरीला ‘तुमचे हार्मोन ठीक आहेत, कमी खा’ असं सांगून परत पाठवलं जातं, ते एसएचबीजी मागवलेलं नसतं म्हणून.

लिपिडमध्ये दोन आकड्यांची जोडी बघा: ट्रायग्लिसराइड १५० च्या वर आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ५० च्या खाली. एकूण कोलेस्टेरॉल चांगलं असूनही ही जोडी असेल तर यकृताच्या दिशेने बोट जातं.

टेस्टोस्टेरॉन २०० च्या आसपास किंवा वर असेल, किंवा काही महिन्यांतच आवाज घोगरा झाला, टक्कल पडायला लागलं, तर ते वजनाचं प्रकरण नव्हे. अंडाशय किंवा अधिवृक्क (मूत्रपिंडावरच्या ॲड्रेनल) ग्रंथीतली गाठ आहे का ते लगेच बघावं लागतं.

पीसीओएसच्या निदानाला तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित पाळी, पुरुषी हार्मोनची लक्षणं किंवा वाढलेले आकडे, आणि सोनोग्राफीत तसं दिसणारं अंडाशय. नुसत्या सोनोग्राफीवर शिक्का मारून घेऊ नका.

ताटात काय बदलायचं

यकृतातली चरबी उतरली की एसएचबीजी वर चढतं. वजन ५ ते १० टक्के कमी झालं तरी पुष्कळ जणींची पाळी रुळावर येते. ७५ किलोच्या बाईला हे साधारण ४ ते साडेसात किलो. वरच्या उदाहरणातल्या बाईचं एसएचबीजी २० वरून नुसतं ३० झालं तरी इंडेक्स ७.८ वरून ५.२ वर येतो, आणि टेस्टोस्टेरॉनला आपण हातही लावलेला नसतो.

सुरुवात साखरेपासून करा, तेलापासून नाही. जास्तीची साखर यकृतात चरबी होते आणि तीच एसएचबीजी दाबते. दिवसाचे चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे साधारण ४० ग्रॅम. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेलं तर जिभेला कळत नाही. एकदम बंद केलं तर तिसऱ्या दिवशी चहासोबत खारी आणि ग्लुकोज बिस्किटं वाढतात, हे ठरलेलंच. फळांचा रस, ‘हेल्दी’ म्हणून गुळाचा चहा, मध-लिंबू यांनाही हाच हिशेब.

मग प्रथिनं. १५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईला दिवसाला साधारण ५५ ते ६० ग्रॅम हवीत, आणि पोहे-उपमा, पोळी-भाजी, वरणभात अशा दिवसात ती अर्ध्यावरच अडकतात. एक दिवस असा बसतो: सकाळी दोन अंडी किंवा ५० ग्रॅम मुगाची धिरडी (१२ ग्रॅम). दुपारच्या डब्यात दीड ज्वारीची भाकरी, ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ आणि वाटीभर दही (२० ग्रॅम). ऑफिसातून निघताना मूठभर फुटाणे (६ ग्रॅम). हे फुटाणे पर्समध्ये ठेवाच. स्टेशनबाहेरचा सुमारे ३०० कॅलरीचा वडापाव भुकेपोटीच खाल्ला जातो. रात्री एक बांगडा, तळलेला नाही, तव्यावर किंवा कालवणात (२० ग्रॅम). शाकाहारी असाल तर ३० ग्रॅम सोयाबीन वडी किंवा ८० ग्रॅम पनीर (१५ ग्रॅम).

उपास हे वेगळंच प्रकरण. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च, प्रथिनं नावालाही नाहीत. संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र असे उपास करणारी बाई ‘आज काही खाल्लं नाही’ म्हणते आणि एका ताटलीत चारशेवर कॅलरी गेलेल्या असतात. उपास सोडा असं कुणी म्हणत नाही. भगरीसोबत दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी आणि दही घेतलं तर इन्सुलिन तेवढं उसळत नाही.

तेलाचा हिशेब थेंबांनी होत नाही, डब्याने होतो. चौघांच्या घरात महिन्याला दोन लिटर, फार तर अडीच. डबा आणला की त्यावर तारीख लिहा.

चालणं पुरतं का?

कंबरेसाठी बऱ्यापैकी पुरतं, स्नायूंसाठी नाही. शिवाजी पार्कच्या कट्ट्याची एक फेरी सव्वा किलोमीटरला थोडी कमी भरते. ती १२ मिनिटांत झाली तर तुमचा वेग योग्य. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत धाप. आठवड्याला किमान १५० मिनिटं. लोकल पकडायची धावपळ यात धरू नका, ती दोन-दोन मिनिटांची असते.

दोन दिवस ताकदीचे: खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस १० वेळा, भिंतीवर पुशअप १०, पाण्याने भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या खांद्यावर उचलणं १०, तिन्हींच्या तीन फेऱ्या. स्नायू इन्सुलिनशिवायही रक्तातली साखर ओढतात, म्हणून हा अर्धा तास चरबी जाळण्यासाठी कमी आणि इन्सुलिन खाली आणण्यासाठी जास्त आहे.

औषधं

मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वजन थोडंच उतरवते. तिचं खरं काम इन्सुलिनवर. जेवणानंतर, ५०० मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवली तर मळमळ-जुलाब आटोक्यात राहतात. वर्षानुवर्षं घेणारीने बी-१२ तपासत राहावं, शाकाहारी बाईने तर नक्कीच.

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड या इंजेक्शनांची सध्या फार चर्चा आहे. वजन उतरतं, पण एक गोष्ट सांगायची राहून जाते: वजन उतरायला लागलं की बंद पडलेलं बीजांडही सुटायला लागतं. वर्षभर पाळी नव्हती म्हणून निर्धास्त असलेल्या बाईला दिवस जाऊ शकतात. टिर्झेपेटाइडने गर्भनिरोधक गोळीचं शोषण कमी होतं, म्हणून सुरू केल्यावर आणि प्रत्येक डोस वाढवल्यावर चार आठवडे कंडोम वापरायचा. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड दोन महिने आधी थांबवावं लागतं.

गर्भनिरोधक निवडतानाही वजन डॉक्टरांच्या कानावर घाला. तीन महिन्यांतून एकदा घ्यायच्या ‘अंतरा’ इंजेक्शनने काही जणींचं वजन वाढतं. तांबीत हार्मोन नसतो.

पाळी जाताना

आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ च्या सुमारास जाते. अमेरिकेतल्या बायकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतल्यावर दिसलं की शेवटच्या पाळीच्या साधारण दोन वर्षं आधीपासून चरबी वाढायचा वेग दुप्पट होतो, स्नायू घटायला लागतात, आणि शेवटच्या पाळीनंतर दोनेक वर्षांनी हे स्थिरावतं. काटा फारसा हलत नाही, ब्लाउज मात्र होईनासा होतो. माळ्याची शिडी काढून घेतल्यावर सामान ओट्याखाली कोंबलं जातं, तसं.

या चार वर्षांत खाणं आणखी कमी करण्यापेक्षा ताकदीचे दोन दिवस तीन करा. हार्मोन थेरपी गरम वाफा आणि झोपेसाठी देतात, वजनासाठी नाही, जरी पोटावरची चरबी तिने थोडी कमी वाढते. ट्रायग्लिसराइड जास्त असतील तर गोळीऐवजी जेल किंवा पॅचबद्दल विचारा. तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं आणि ट्रायग्लिसराइड वाढवतं, कातडीतून गेलेलं तसं फारसं करत नाही. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच.

अंडाशय थांबलं तरी चरबीतलं ॲरोमटेज थांबत नाही. जितकी चरबी जास्त तितकं इस्ट्रोन जास्त, आणि त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन आता नसतं. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका लठ्ठ बाईत वाढतो तो यामुळे. वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा अंगावर गेलं, अगदी दोन थेंब डाग पडला, तरी ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा पीत बसू नका. त्याच आठवड्यात सोनोग्राफी करून घ्या. अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड दिसलं की बायोप्सी. आणि जाड नसलं तरी डाग पुन्हा पडला तर पुन्हा डॉक्टरकडे.